कुर्ल्याची फियाट, विजेची गाडी आणि मधली पस्तीस वर्षे

१५ सप्टेंबर २०२३. अंधेरी पूर्वेच्या आगरकर चौकातून सीप्झकडे जाणारी ४१५ क्रमांकाची बेस्टची जुनी दुमजली बस त्या दिवशी शेवटची धावली. प्रवाशांनी आणि बसप्रेमींनी तिला हारांनी सजवले होते. १९३७ साली मुंबईत आलेल्या इंजिनाच्या दुमजली बसगाड्यांचा नित्य प्रवास अशा रीतीने एका उपनगरात संपला. विजेवर धावणारी वातानुकूलित दुमजली बस त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत रस्त्यावर आलेली होती.

त्यानंतर सहा आठवड्यांनी, ३० ऑक्टोबरपासून, प्रीमियर पद्मिनी ही काळी-पिवळी टॅक्सीही कायद्याने रस्त्यावरून बाद झाली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी झालेली होती. टॅक्सीचे वय २० वर्षांपेक्षा अधिक नसावे, असा नियम. ती मुदत आदल्या दिवशी संपली.

त्या दिवसांत बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत अनेक घरांत एक जुनाच वाद पुन्हा निघाला असेल. इमारतीच्या आवारात आच्छादनाखाली वडिलांची फियाट उभी, कुणाकडे तिच्या जोडीला एखादी अ‍ॅम्बेसेडर किंवा जीप. शेजारच्या जागेत आवाज न करणारी, विजेवर भारित होणारी नवी गाडी. जुन्या ठेवाव्यात की विकाव्यात? नवी घेतली तर जुन्यांना जागा उरते का? आणि शहराच्या हवेचा हिशेब मांडायचा झाला, तर दोषी कोण? हा धागा या प्रश्नामागच्या इतिहासाचा आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करावा लागतो. विजेची गाडी ही पेट्रोलच्या गाडीची मुलगी नव्हे. ती तिची समवयस्क बहीण आहे. १९०० साली अमेरिकेत ४,१९२ मोटारगाड्या तयार झाल्या. त्यांपैकी १,६८१ वाफेवर चालणाऱ्या, १,५७५ विजेच्या आणि केवळ ९३६ पेट्रोलच्या होत्या. त्याच्या आदल्या वर्षी कामिय झेनात्झी या बेल्जियन चालकाने ताशी १०० किलोमीटरची मर्यादा ओलांडली, तीही विजेच्याच गाडीत. पेट्रोलची गाडी सुरू करायला हँडल मारावे लागे आणि ते उलट फिरले तर मनगट मोडे. १९१२ साली कॅडिलॅकने विजेवर चालणारा स्टार्टर बसवला आणि हँडलची गरज संपली. विजेच्या गाडीला मागे टाकण्याचे काम अशा प्रकारे एका छोट्या विजेच्या मोटरनेच केले, ही इतिहासाची गंमत.

मुंबईत वीज आली ती सार्वजनिक वाहनाच्या रूपाने. घोड्यांची ट्राम १८७४ पासून होती; ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम धावू लागली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला हार्बर मार्गावर देशातली पहिली विजेची लोकल धावली आणि ५ जानेवारी १९२८ रोजी कुलाबा ते बोरिवली मार्गावरही वीज आली. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही वस्त्यांची गावे होती. त्यांची उपनगरे झाली ती या विजेच्या गाड्यांच्या जोरावर. तेव्हा ‘विजेचे वाहन आता येत आहे’ असे उपनगरातला माणूस म्हणतो, तेव्हा तो रोज सकाळी ज्या डब्यात लोंबकळतो त्याचा त्याला विसर पडलेला असतो.

गंमत अशी की, ज्या कुर्ल्यात पहिली विजेची लोकल येऊन थांबली, त्याच कुर्ल्यात मुंबईची पेट्रोलची गाडी जन्माला आली.

वालचंद हिराचंद दोशी मूळचे सोलापूरचे. जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही गोष्टी हिंदुस्थानात बनल्या पाहिजेत, हा त्यांचा ध्यास. सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन, बंगळूरचा विमान कारखाना आणि त्यानंतर १९४४ साली स्थापन झालेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स. कुर्ल्याच्या कारखान्यात आरंभी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या डॉज आणि प्लिमथ गाड्या सुट्या भागांतून जोडल्या जात. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. १९५४ साली फियाट ११०० आली. तिच्या गोल, फुगीर आकारामुळे लोकांनी तिला ‘डुक्कर फियाट’ म्हटले, आणि आजही जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात हेच नाव प्रेमाने घेतले जाते. १९६४ साली ११००डी आली. करार संपल्यावर १९७४ मध्ये तीच गाडी ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली आणि लवकरच ‘प्रीमियर पद्मिनी’. कंपनीने नाव चितोडच्या राणीचे दिले. लोक मात्र अखेरपर्यंत फियाटच म्हणत राहिले.

या गाडीत विशेष काय होते? खरे पाहता काहीच नाही, आणि तिचे दीर्घायुष्य नेमके त्यातच आहे. १,०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन, सुमारे ४० अश्वशक्ती, एक कार्बोरेटर, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर. बॉनेट उघडले की प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो आणि हाताला लागतो. थंडीत चोक ओढायचा, प्लग काढून पुसायचा, पॉइंट घासून साफ करायचा. परवाना-राजमध्ये नवी गाडी मिळायला वर्षानुवर्षे थांबावे लागे, म्हणून असलेली गाडी टिकवणे भाग होते. त्या सक्तीतून उपनगरांत मिस्त्रींची एक अख्खी परंपरा उभी राहिली. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर सुट्या भागांची दुकाने, गल्लीबोळांत डेंटिंग-पेंटिंगवाले, नुसत्या आवाजावरून टॅपेट ढिले आहे की बेअरिंग गेले आहे हे सांगणारे कान. जुन्या गाड्यांचा संग्रह म्हणतात तेव्हा लोकांच्या डोळ्यांसमोर चकचकीत पत्रा येतो. वस्तुतः त्या पत्र्यामागे हे कान आणि हे हात आहेत. तेच नसतील, तर संग्रह म्हणजे केवळ चांगल्या रंगाचे भंगार.

१९९० च्या दशकात चित्र पालटले. मारुती १९८३ मध्येच आली होती. आता बाजार खुला झाला. मुंबईतल्या टॅक्सींची संख्या साठ हजारांच्या घरात पोहोचली होती आणि त्यांपैकी बहुतेक फियाट-पद्मिनीच होत्या. धुराने शहर गुदमरू लागले. ‘स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम’ या नागरिक संघटनेने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली आणि डिसेंबर १९९९ मध्ये न्यायालयाने परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जुन्या टॅक्सींना सीएनजीकडे वळावे लागले.

इथे थांबून पाहण्यासारखे आहे. गाडी तीच, सांगाडा तोच, इंजिनही तेच. बदलले ते फक्त इंधन. डिकीत सीएनजीची टाकी बसली, प्रवाशांचे सामान टपावरच्या कॅरिअरवर गेले आणि १९८० च्या दशकातली पद्मिनी २१व्या शतकात आणखी काही वर्षे कमी धूर सोडत धावत राहिली. म्हणजे नवे तंत्र आले तेव्हा जुनी गाडी मेली नाही. तिने ते तंत्र अंगावर घेतले. तिला संपवले ते वयाच्या नियमाने. २००८ साली टॅक्सीचे कमाल वय २५ वर्षे ठरले, २०१३ साली ते २० वर्षांवर आले. कुर्ल्यातले पद्मिनीचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबलेलेच होते, म्हणून शेवटचा दिवस कधी येणार हे पंचांगात पाहून सांगता येत होते. निदान एक तरी पद्मिनी जतन करा, अशी मागणी टॅक्सी संघटनेने केली. कारखान्याच्या जमिनीवर तोवर कोहिनूर सिटी उभी राहिली होती.

खासगी गाडीचा कायदा वेगळा आहे, आणि संग्राहकाचा खरा पेच त्यात आहे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर दर ५ वर्षांनी तपासणी आणि नूतनीकरण. महाराष्ट्रात २०१० पासून त्यावर पर्यावरण कर. २०२२ पासून चारचाकीच्या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० झाले आणि २० वर्षांहून जुन्या गाडीसाठी २०२५ मध्ये ते १०,००० रुपयांवर गेले. गाडी जितकी जुनी, तितका तिच्यावरचा राग मोठा.

आणि मग अचानक हवा पालटते. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद केली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेली, खासगी वापरातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, नूतनीकरणाला ५,००० रुपये, क्रमांकपट्टीवर ‘व्हीए’ ही अक्षरे. पूर्वीच नोंद असलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक ठेवता येतो, त्यामुळे ‘एमएच’ येण्यापूर्वीच्या तीन अक्षरी पट्ट्या जपणाऱ्यांचा जीव भांड्यात पडला. अट अशी की, ती रोजच्या कामाला वापरायची नाही; प्रदर्शन, संशोधन, शर्यत-मेळावा, इंधन आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची.

दोन्ही नियम शेजारी ठेवले की विसंगती दिसते. पंधराव्या वर्षी गाडी जुनाट ठरते, पन्नासाव्या वर्षी वारसा. मधली ३५ वर्षे तिचे कुणीच नाही. १९३० ची रोल्स-रॉइस संस्थानिकाच्या तबेल्यात ही वर्षे आरामात काढते. १९९५ ची पद्मिनी मुलुंडच्या सोसायटीत काढते, जिथे पार्किंगच्या एका जागेवरून सर्वसाधारण सभेत भांडणे होतात. कोणती गाडी वारसा म्हणून उरेल, हे तिच्या ऐतिहासिक महत्त्वावरून ठरत नाही. कुणाकडे रिकामी जागा होती यावरून ठरते. आणि टॅक्सीला तर दारच बंद. व्यावसायिक वाहन व्हिंटेजच्या व्याख्येत येतच नाही. म्हणजे ज्या गाडीने ही नगरी ओळखली गेली, ती त्या काळ्या-पिवळ्या रूपात कायद्याने कधीच वारसा होऊ शकत नाही.

आता हवेचा हिशेब. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. संग्रहातली फियाट वर्षाकाठी ५०० किलोमीटर फिरली आणि लिटरला १० किलोमीटर गेली, तर ५० लिटर पेट्रोल, म्हणजे ११५ किलो. विजेच्या गाडीची ४० युनिट क्षमतेची बॅटरी बनवतानाच अंदाजे अडीच ते चार टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. या फियाटला तेवढा सोडायला वीस वर्षांहून अधिक काळ लागेल. रविवारी सकाळी फेरफटका मारणारी जुनी गाडी भंगारात काढून तिच्या जागी नवी विजेची गाडी घेणे, हा हवामानाच्या दृष्टीने तोट्याचाच व्यवहार.

रोजच्या गाडीचे गणित निराळे. अंधेरीहून दररोज कामावर जाणारी गाडी वर्षाला १२,००० किलोमीटर चालली आणि लिटरला १५ किलोमीटर गेली, तर ८०० लिटर, सुमारे १,८४० किलो. तेवढ्याच अंतराला विजेची गाडी साधारण १,८०० युनिट खाते. देशाच्या सरासरी विजेमागे युनिटला ०.७ किलो धरले तर १,२६० किलो. बॅटरीचे कर्ज चार ते सात वर्षांत फिटते आणि पुढे सगळा फायदाच. वीज कोठून येते यावर बरेच अवलंबून असते. पश्चिम उपनगरांच्या विजेचा मोठा आधार १९९५ पासून डहाणूचे ५०० मेगावॉटचे कोळशाचे केंद्र आहे. दुसरीकडे टाटांची खोपोलीची जलविद्युत १९१५ पासून मुंबईला मिळते आहे. कोळशाचा वाटा जसा उतरेल, तसे हे गणित विजेच्या बाजूने झुकत जाईल.

पण कार्बन डायऑक्साइड म्हणजे सगळी हवा नव्हे, आणि जुन्या गाड्यांचे चाहते या ठिकाणी जरा घाईने पुढे सरकतात. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चार महानगरांत नव्या गाड्यांना सक्तीचा झाला तो १९९५ मध्ये. त्याआधीच्या फियाटच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि न जळालेले हायड्रोकार्बन आजच्या गाडीच्या कितीतरी पट असतात. पाचशे किलोमीटर हा बचाव ग्राह्य आहे. रोज शाळेत मुलांना सोडायला फियाट काढली तर तो ग्राह्य राहत नाही. तेव्हा सुज्ञ संग्राहकाचे उत्तर सहसा दुहेरी निघते. रोजच्या कामाला वीज, रविवारला फियाट.

तिसरी वाटही आहे. जुन्या गाडीतले इंजिन काढून विजेची मोटर आणि बॅटरी बसवणे. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेने मान्य केलेला संच असेल, तर कायदा त्याला परवानगी देतो. सीएनजीच्या वेळी पद्मिनीने जे केले त्याचीच ही पुढची पायरी वाटते. मात्र २०२१ च्या नियमाची आणखी एक अट आहे : व्हिंटेज गाडी मूळ रूपातच असली पाहिजे, तिचा सांगाडा, पत्रा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे आज पद्मिनीचे इंजिन काढून तिला विजेवर आणले, तर ती स्वच्छ होईल, रोज वापरता येईल, पण पन्नासाव्या वर्षी तिच्यासाठी वारशाचे दार उघडणार नाही. गाडी वाचवायची की गाडीचा इतिहास? चाहत्यांत यावर तट पडतात. इंजिनाचा आवाज आणि कार्बोरेटरचा वास हाच पुरावा, असे एक पक्ष म्हणतो. चालते ते जगते, असे दुसरा. संग्रहात एकाच प्रकारच्या दोन गाड्या असतील तर दुसऱ्या पक्षाचे ऐकायला हरकत नाही; एकच असेल आणि ती डुक्कर फियाट असेल, तर तिच्या इंजिनाला हात लावणे हा दस्तऐवज खोडण्याचाच प्रकार होय.

विजेची गाडी स्वतः म्हातारी झाल्यावर तिचे काय होते, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. भारतात तिचे उत्तर अंशतः मिळालेले आहे. १९९३ साली ‘लव्हबर्ड’ नावाची दोन आसनी विजेची गाडी आली आणि फार न विकता संपली. १९९९ मध्ये मुंबईच्या महिंद्राने ‘बिजली’ ही विजेची तीनचाकी आणली. तीही टिकली नाही. २००१ मध्ये बंगळूरची रेवा आली, लंडनच्या रस्त्यांवरही पोहोचली आणि २०१० साली महिंद्राने ती कंपनी ताब्यात घेतली. सुरुवातीच्या रेवात साध्या शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या होत्या. त्या मेल्या तर दुकानातून नव्या आणून बसवता येत. आजच्या गाडीतला लिथियमचा संच तसा नाही. त्याची हमी बहुधा ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर असते आणि त्याच्यावर सॉफ्टवेअरचा पहारा असतो. कंपनीने सॉफ्टवेअरची साथ सोडली, तर टॅपेटचा आवाज ओळखणारा कान काहीच करू शकत नाही. विजेच्या मोटरमध्ये झिजणारे भाग थोडे, हे खरे. पण न झिजणारी वस्तू दुरुस्त होतेच असे नाही. पन्नास वर्षांनी २०२५ ची विजेची गाडी चालू स्थितीत दाखवायची असेल, तर आजच कुणीतरी तिचे आराखडे आणि संगणकीय कळा जपून ठेवायला हव्यात.

तिकडे पेट्रोलही पूर्वीचे राहिलेले नाही. शिसे असलेले पेट्रोल २००० च्या फेब्रुवारीत देशभर बंद झाले, तेव्हा जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्हच्या बैठका झिजू लागल्या आणि मिस्त्रींनी त्या कठीण धातूच्या बसवल्या. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल पाणी शोषते; महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी गंजते, रबराच्या नळ्या आणि गॅस्केट फुगून चिरतात. विजेची बाजू न घेणारा संग्राहकही म्हणून आज पंपावर चिंतेत असतो. उपाय पुन्हा जुनाच : नळ्या बदलायच्या, टाकी रिकामी ठेवायची, गाडी पंधरवड्यातून एकदा तरी सुरू करायची.

या सगळ्यावर टांगती तलवार आहे ती न्यायालयाची. जानेवारी २०२५ मध्ये हवेच्या प्रदूषणावरील याचिकेच्या सुनावणीत मुंबई उच्च न्यायालयाने पेट्रोल आणि डिझेलच्या गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करून केवळ सीएनजी आणि विजेच्या गाड्यांना परवानगी देता येईल का, याचा अभ्यास करायला सांगितले. राज्य सरकारने निवृत्त सनदी अधिकारी सुधीरकुमार श्रीवास्तव यांच्या अध्यक्षतेखाली सात सदस्यांची समिती नेमली. दिल्लीतला अनुभव डोळ्यांसमोर आहे. तिथे १५ वर्षांहून जुन्या पेट्रोल आणि १० वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांवरची बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये उचलून धरली आणि उत्तम स्थितीतल्या असंख्य गाड्या परराज्यांत विकल्या गेल्या किंवा भंगारात गेल्या. वय हा मोजायला सोपा निकष आहे. गाडी प्रत्यक्षात किती धूर सोडते आणि वर्षाला किती धावते हे मोजायला माणसे आणि यंत्रे लागतात, म्हणून प्रशासन वयाकडे वळते. मुंबईच्या लाल समितीच्या काळात जुन्या टॅक्सीला निदान इंधन बदलण्याची संधी मिळाली होती.

१९७६ मध्ये नोंदणी झालेल्या खासगी पद्मिनी २०२६ मध्ये पन्नाशी गाठत आहेत. अंधेरीच्या एमएच-०२, वडाळ्याच्या एमएच-०३ आणि बोरिवलीच्या एमएच-४७ या तिन्ही कार्यालयांत त्यांच्या व्हिंटेज नोंदणीचे अर्ज येऊ शकतील. कुर्ल्यातून बाहेर पडलेल्या अखेरच्या गाड्यांची पन्नाशी मात्र २०५० नंतरच भरेल. तोवर त्यांना दर पाच वर्षांनी आरटीओच्या रांगेत उभे राहावे लागेल, आणि चार्जिंगच्या खांबांनी भरत चाललेल्या पार्किंगमध्ये एक जागा कुणालातरी त्यांच्यासाठी राखावी लागेल.